रंबुतान फुलला पण धरला नाही, मँगोस्टीन रुजलंच नाही. मदत हवी

गच्चीवाली · १४ जून
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज धागा काढायचं धाडस करते आहे. पुण्यात सिंहगड रस्त्याला राहते, गच्चीवर ४० कुंड्या. सासर दापोलीजवळ, घरामागे १२ गुंठे जांभ्याची जागा आणि विहिरीचं गोडं पाणी. म्हणजे बाग तिकडे आणि माळीण इकडे.

गाऱ्हाणी अशी:

मागच्या जूनमध्ये क्रॉफर्ड मार्केटातून अर्धा किलो मँगोस्टीन आणली. खाल्ली, बिया धुतल्या, पेपरवर पसरून छान खडखडीत वाळवल्या आणि १५ दिवसांनी पेरल्या. ११ पैकी एकही उगवली नाही.

जाबुतिकाबा या परदेशी फळझाडाचं रोप ऑनलाइन मागवलं होतं. गच्चीवर दोन वर्षं झाली, पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. वाढ शून्य.

सासऱ्यांनी ८ वर्षांपूर्वी केरळहून आणलेल्या फळातली रंबुतानची बी लावली होती. झाड घराच्या पागोळीच्या वर गेलंय. या मार्चमध्ये पहिल्यांदा भरभरून फुललं, आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. एकही फळ धरलं नाही.

आणि चौथं. मैत्रीण पुढच्या महिन्यात थायलंडला जाते आहे. म्हणते ड्युरियनच्या बिया आणि दोन कलमं बॅगेतून आणते. आणू देऊ का?

कोकणकडा७ · १४ जून
ताई, मँगोस्टीनचा घात पेपरवरच झाला.

फणसाची आठळी आठवा. चार महिने माळ्यावर वाळवलेली आठळी पेरून कधी फणस उगवलाय? आठळ्या आपण भाजून, उकडून खायला ठेवतो तेव्हासुद्धा मातीत पुरून ठेवतो. मँगोस्टीन, रंबुतान, ड्युरियन, लिची सगळी त्याच जातकुळीतली. बी वाळली की मेली. भोपळ्याची, मिरचीची बी झोपून राहते, हिला झोप माहीत नाही. फळातून निघाली की लगेच ओल आणि ऊब लागते. रंबुतानची बी बाहेर काढल्यावर आठवडाभरात जाते.

दुसरं असं की ती फळं शीतगृहातून आली असतील तर वाळवायच्या आधीच बऱ्याच बिया मेलेल्या असणार. या झाडांच्या बियांना गारठा सोसत नाही. थायलंडहून येणारा माल थंडच येतो. त्यापेक्षा जुलै-ऑगस्टमध्ये केरळचा माल येतो तो बघा. फळ खाल्लं, गर चोखून काढला, त्याच संध्याकाळी ओल्या कोकोपीटमध्ये बी आडवी ठेवली, वरून पिशवी. तीन आठवड्यांत कोंब दिसतो. जाडजूड बी निवडा, चपटी टाकून द्या.

एक गंमत. मँगोस्टीनच्या बीला बाप नसतो. ती परागीभवनातून तयारच होत नाही, आईच्याच पेशींतून बनते. म्हणून बियांचं झाड हुबेहूब आईसारखं निघतं, आंब्यासारखा जुगार नाही. जुगार वेळेचा आहे. दोन वर्षांत वीतभर वाढतं. फळाला ७-८ वर्षं म्हणजे नशीब, १० धरून चाला.

बोअरचं_पाणी · १४ जून
१० वर्षं! तोवर सोसायटीचा पुनर्विकास होईल.

गच्चीवाली · १५ जून
@कोकणकडा७ बापरे. मी आजीच्या भोपळ्याच्या बियांची पद्धत लावली. आता वाटतंय ११ जीव उन्हात घातले.

बोअरचं_पाणी · १५ जून
जाबुतिकाबाबद्दल माझ्या नावातच उत्तर आहे. तुमच्या सोसायटीत बोअर किंवा टँकर असणार. क्षाराचं पाणी. ते झाड ब्राझीलमधलं, त्याला आंबट माती लागते. पुण्याकडची काळी माती चुनखडीची, वर बोअरचं पाणी. मातीत लोह भरपूर असलं तरी मुळांना उचलता येत नाही. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या ही त्याचीच खूण. (जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी. तो वेगळा आजार.)

मीही आधी हिराकस (फेरस सल्फेट, लोह देणारं) मातीत टाकून बघितलं. आठ दिवस हिरवं, मग परत पिवळं. अशा मातीत हिराकस लगेच बांधला जातो. त्यापेक्षा हलकी फवारणी करा, लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी. मातीतून द्यायचं तर चिलेटेड लोह (मातीत बांधलं न जाणारं, मुळांना उचलता येणारं), त्यातही पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं घ्या. महाग आहे पण चुनखडीत तेच टिकतं. खरा इलाज मात्र कुंडीच बदलायची: जांभ्याची लाल माती, पानांचं खत, कोकोपीट. आणि पावसाचं पाणी. मी गच्चीच्या पाइपला २०० लिटरचे दोन पिंप लावलेत. बायको म्हणते माणसांना टँकर आणि झाडाला पाऊस.

मांडवीकाठ · १५ जून
दापोलीला जांभा आहे ना, मग ती जाबुतिकाबा तिकडेच न्या. पुण्यात कुंडीत झाड कशाला गुदमरवायचं.

मैत्रिणीला म्हणा खुशाल आणू दे. काजू, अननस, पपई, पेरू, चिकू, सीताफळ, सगळं समुद्रापलीकडून आलंय. आमच्या गोव्यात पोर्तुगीजांनी आणलं तेव्हा कुठला परवाना होता? कलम बांधायची विद्यासुद्धा पाद्री घेऊन आले, तिच्यावर मानकुराद झाला, हापूस झाला. दोन काड्या मोज्यात गुंडाळून आणल्या तर कोण बघतंय?

शिक्कामोर्तब · १५ जून
माझं पोट आयात-निर्यातीच्या कागदांवर चालतं, म्हणून लिहितो. मोज्यातल्या काड्या हा बेकायदा प्रकार आहे. मशीनमध्ये दिसतो, आणि दिसला की जप्त होतो.

कायदा जुना आहे, १९१४ चा, विनाशकारी कीटक व कीड कायदा. त्याखाली २००३ चा वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेश. लावण्यासाठी रोप, काडी किंवा बी आणायची तर दोन कागद आधी लागतात: इथला आयात परवाना आणि तिथल्या सरकारचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र. परवाना माल निघायच्या आधी काढायचा, विमानतळावर उतरून नाही. मुळाशी माती चालत नाही. ठरलेल्या बंदरांतून आणि विमानतळांवरूनच येता येतं. मुंबईत तपासणीचं कार्यालय शिवडीला हाजी बंदर रस्त्यावर आहे. पुढे बऱ्याच फळझाडांना आल्यावर वेगळ्या बंदिस्त जागेत ठेवून निरीक्षण लागतं. ती जागा आयातदाराने उभी करून आधी मंजूर करून घ्यायची.

आता हे दोन ड्युरियनसाठी कोण करणार? कुणी नाही. ही वाट व्यापारी रोपवाटिकांची आहे. संशोधनासाठीचं बी-बियाणं दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोमार्फत येतं, तो दरवाजा आपल्यासाठी नाही. घरगुती माणसाने आधीच रीतसर आत आलेल्या आणि इथे वाढवलेल्या झाडाचं कलम घ्यावं. कंटाळवाणं उत्तर आहे, मला माहीत आहे.

मांडवीकाठ · १५ जून
म्हणजे पोर्तुगीज चालले, आम्ही नाही :)

पपईवाला · १६ जून
या हसण्यावारी न्यायच्या गोष्टी नाहीत दादा. पुणे जिल्ह्यात माझी दोन एकर पपई होती. २०१० ची गोष्ट. फळावर पांढरा कापूस चिकटल्यासारखं दिसायला लागलं, बघता बघता झाड मेणकट पांढरं. पिठ्या ढेकूण आम्हाला नवा नव्हता, पण हा औषधाला जुमानेना. अंगावर मेण, फवारा वरून ओघळून जातो. शेवटी पपई उपटून बांधावर जाळली, कारण तो शेजारच्या तुतीवर, जास्वंदीवर सगळीकडे पसरत होता.

नंतर कळलं की हा मूळचा मेक्सिकोकडचा. आपल्याकडे २००८ मध्ये कोइमतूरला सापडला, दोन वर्षांत आमच्याकडे. कसा आला ते कुणी पाहिलं नाही, पण पोहत तर आला नसेल ना. त्याच्या गावी त्याला खाणारी एक बारकी गांधीलमाशी आहे, ती मागे राहिली आणि हा एकटा आला. म्हणून तर माजला. ती माशी २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून रीतसर मागवली, बंगळुरूच्या सरकारी प्रयोगशाळेत वाढवली, गावोगाव सोडली, तेव्हा कुठे पपई वाचली. माझी नाही वाचली.

पोर्तुगीजांच्या काळी जहाजाला सहा महिने लागायचे. वाटेत कीड मरायची नाहीतर झाड मरायचं. आता बँकॉकहून चार तासांत ढेकूण ताजा उतरतो.

मांडवीकाठ · १६ जून
पपईवाले, माफ करा. चेष्टेत बोललो होतो. मोज्यांचा सल्ला मागे.

गच्चीवाली · १६ जून
मैत्रिणीला नको म्हणून कळवलं. ती म्हणाली, मग ड्युरियनचं चॉकलेट आणते. त्याचा वास आला तर नवरा मलाच संगरोधात ठेवेल.

एडिसनवाला · १७ जून
न्यू जर्सीहून. उलट्या दिशेचा प्रश्न विचारतो. इथे मे महिन्यात हापूसची पेटी मिळते, सोन्याच्या भावात. गेल्या वर्षी १२ कोया कुंडीत लावल्या, हिवाळ्यात घरात ठेवणार होतो. एकही रुजली नाही. ताईंसारख्या वाळवल्याही नव्हत्या.

शिक्कामोर्तब · १७ जून
रुजणार नाही. अमेरिकेला जाणारा आपला आंबा २००७ पासून विकिरण करूनच जातो, कमीत कमी ४०० ग्रे (किरणांच्या मात्रेचं माप). कोयीतला भुंगा हे त्याचं एक मोठं कारण. त्या मात्रेत भुंगा निकामी होतो तशी कोयही होते. पहिल्या खेपा लासलगावहून गेल्या. ते केंद्र मुळात कांद्याला कोंब येऊ नये म्हणून बांधलेलं. आता तुम्हीच विचार करा.

नाना_घोलवड · १७ जून
आणि रुजली असती तरी हापूस आला नसता. हापूसच्या कोयीत एकच गर्भ, तोही संकराचा. निघेल तो रायवळ. केरळच्या ओलूर, चंद्रकारनसारख्या जातींच्या कोयीत एकाहून जास्त गर्भ असतात, त्यातले बरेचसे आईसारखे निघतात. हापूसचं तसं नाही. हापूस पाहिजे तर कलमच.

धागा उशिरा पाहिला. गच्चीवाली, तुझ्या रंबुतानकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. सगळे ड्युरियनच्या मागे. बाळ, तुझं झाड नर आहे, असा माझा अंदाज.

बियांच्या रंबुतानमध्ये निम्म्याच्या आसपास झाडं नर निघतात. नर झाड भरभरून फुलतं, फळ एक नाही. पुढच्या फुलोऱ्यात एक फूल घे आणि भिंगातून बघ. मधोमध शेंडीसारखं काही वर आलंय आणि टोकाला दुभंगलंय, तर फळ धरणारं फूल. नुसतेच केसरांचे धागे बाहेर आणि मधे काही नाही, तर नर. आपल्या कोकमाचंही असंच रडगाणं असायचं. सात-आठ वर्षं वाढवायचं आणि मग कळायचं, नर. दापोलीच्या विद्यापीठाने मृदकाष्ठ (कोवळ्या काडीची) कलमं बांधायला शिकवलं, 'कोकण अमृता'सारखी जात दिली, तेव्हा ते थांबलं.

तोडू नकोस. मूळ ८ वर्षांचं, जांभ्यात खोल बसलेलं, त्याची किंमत कर. कमरेइतक्या उंचीवर छाटायचं, फूट येऊ द्यायची आणि त्या फुटीवर चांगल्या झाडाचे डोळे भरायचे, म्हणजे त्याच्या काडीवरची कळी सालीत बसवायची. आमच्या घोलवडचा चिकू बघ. तो मध्य अमेरिकेतला, पण आम्ही कलम बांधतो ते रायणीच्या खुंटावर. रायण म्हणजे आपली खिरणी, रानातली, दुष्काळ पचवणारी. परदेशी झाडाला इथलं मूळ दिलं की ते इथलं होतं. तुझ्याकडे तर मूळही त्याचंच आहे, फक्त वरचं बदलायचंय.

कोकणकडा७ · १७ जून
नाना, याच न्यायाने मी कोकमाच्या खुंटावर मँगोस्टीन बांधून पाहिलं होतं. दोघं एकाच गोत्रातले म्हणून. ६ बांधली, ४ जगली, पाऊस जाईपर्यंत झकास. दुसऱ्या उन्हाळ्यात सांध्यापाशी गाठ आली आणि एकेक करून वाळली.

नाना_घोलवड · १७ जून
गोत्र एक म्हणजे पत्रिका जुळली असं थोडंच. रायण-चिकूचं जमलं म्हणून सगळ्यांचं जमत नाही. जगलेली ४ म्हणजे मात्र हात चांगला आहे तुझा.

गच्चीवाली · १८ जून
सासऱ्यांना फोन करून सांगितलं. दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "नर असला म्हणून काय झालं, सावली देतोय ना?" छाटायला तयार नाहीत.

हौशी_बदलापूर · १८ जून
+१ सासऱ्यांना.

यात भर म्हणून माझा अनुभव. ऑनलाइन फोटोंवर जाऊ नका. मी 'निळ्या स्ट्रॉबेरी'च्या बिया घेतल्यात, उगवला तो राजगिरा. 'हास अवोकाडोचं कलम' म्हणून घेतलेल्या रोपाला कलमाचा सांधाच नव्हता, सरळ बियांचं रोप, वर हिरवी पट्टी गुंडाळलेली. पट्टी काढून सांधा बघा, तिरका छेद भरून आल्याची खूण दिसली पाहिजे. परदेशातून न मागवलेलं बियाणांचं पाकीट टपालाने आलं तर तेही पेरू नका. २०२० मध्ये अशी पाकिटं अमेरिकेत घरोघरी पोचली होती, आपल्या कृषी मंत्रालयानेही तेव्हा सावध केलं होतं.

बोअरचं_पाणी · १८ जून
राजगिरा गोड होता का?

हौशी_बदलापूर · १८ जून
भाजी केली. बरी झाली.

मांडवीकाठ · १९ जून
प्रायश्चित्त म्हणून कामाचं सांगतो. रंबुतानची चांगली काडी भारतातच मिळते. केरळात एन१८ ही रंबुतानची जात सगळीकडे आहे. कोडगूत चेट्टळ्ळीला केंद्र सरकारचं फळ संशोधन केंद्र आहे, त्यांनी 'अर्का कूर्ग अरुण' आणि 'अर्का कूर्ग पीताभ' अशा दोन जाती दिल्यात. एक लाल, एक पिवळी. मँगोस्टीन तर निलगिरीच्या पायथ्याशी कल्लार आणि बुर्लियारच्या सरकारी बागांत इंग्रजांच्या काळापासून उभं आहे. बँकॉकला कशाला जायचं?

आणि आळू, अटकं, तोरणं, ओटांब ही आपली रानफळं कुणी लावतं का परसात? माझ्या लेकीने ओटांब बघितलेलं नाही आणि ती मला जाबुतिकाबा विचारते.

कोकणकडा७ · १९ जून
आळवाचं झाड आहे माझ्याकडे. काटे बघून गडी जवळ जात नाही. दुर्मिळ व्हायला तेही एक कारण आहे :) पण बिया हव्या तर सांगा, त्यांना परवाना लागत नाही.

---

गच्चीवाली · २६ मार्च (पुढचं वर्ष)
धागा वर काढते आहे. होळीला दापोलीला होते. रंबुतान पुन्हा फुलला. भिंग घेऊन शिडीवर चढले, वेगवेगळ्या फांद्यांवरची ३० फुलं बघितली. सगळे धागेच धागे, मधे शेंडी नाही. नानांचं म्हणणं खरं निघालं. सासरे खाली शिडी धरून उभे होते, त्यांना एक फूल हातात दिलं आणि भिंग दिलं. बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "छाटा. पण मी घरात नसताना."

बाकी हालहवाल: जुलैत केरळच्या मँगोस्टीनच्या ९ बिया त्याच संध्याकाळी ओल्या कोकोपीटमध्ये ठेवल्या, ७ उगवल्या. आठ महिन्यांत चार पानं. शेडनेटखाली आहेत. जाबुतिकाबा दापोलीला हलवली, नवी पालवी लालसर आली आणि हिरवी झाली. हिराकस नाही, काही नाही. फक्त विहिरीचं पाणी.

नाना_घोलवड · २६ मार्च
आत्ता छाट, फूट पावसाच्या तोंडावर येईल. छाटल्यावर कापावर बोर्डोची (मोरचूद-चुन्याची) पेस्ट लाव आणि बुंध्याला चुना, उघडं पडलेलं साल उन्हाने करपतं. डोळे भरताना फूट पेन्सिलीएवढी जाड हवी. काडी आणलीस की ओल्या फडक्यात, वर प्लास्टिक, दोन दिवसांच्या आत वापर. फ्रिजमध्ये ठेवू नकोस.

कोकणकडा७ · २७ मार्च
काडी मी देतो. माझं एन१८ पाचव्या वर्षी लागलंय. पाऊस सुरू झाला की या, डोळेही मीच भरीन. कोकमावरचं अपयश धुऊन काढायला एक संधी द्या.

गच्चीवाली · ९ सप्टेंबर
५ डोळे भरले, ३ फुटले! कोकणकडादादा, तुमच्या हाताला सलाम. सासरे रोज सकाळी चष्मा लावून तिन्ही बघून येतात आणि मला फोनवर उंची सांगतात, सेंटीमीटरमध्ये.

एकच भानगड. छाटायच्या दिवशी ते गावातच होते आणि पडवीच्या बाजूची एक फांदी त्यांनी तोडूच दिली नाही. "तोही आठ वर्षं इथलंच पाणी पिऊन वाढलाय" म्हणाले. तीच आता सगळ्यांत जोरात वाढते आहे. काय करू?

नाना_घोलवड · ९ सप्टेंबर
राहू दे. एन१८ सारख्या झाडांना मादीसारखी फुलं खूप, परागाची फारच थोडी. केरळात काही जण मुद्दाम एक नर फांदी ठेवतात. तुझ्या सासऱ्यांना म्हणावं, बरोबर केलंत. फक्त तिचा शेंडा खुडत राहा, नाहीतर डोळ्यांवर सावली धरील. आणि भरलेल्या डोळ्यांच्या खालून जी फूट येईल ती दर आठवड्याला काढ.

गच्चीवाली · १० सप्टेंबर
सांगितलं. आता तीन डोळ्यांच्या उंचीबरोबर त्या फांदीचीही उंची कळवतात.